संगणक बंद केला की बंद पडला? लॉगमधली १०७४ आणि ४१

मे महिन्यात नागपुरात ही तक्रार हमखास ऐकू येते: "इव्हेंट व्ह्यूअर उघडलं तर लाल खुणेसमोर 'क्रिटिकल' लिहून आहे, कर्नल-पॉवर ४१. भाऊ, फॉर्मेट मारून द्या ना." इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडींची जी नोंदवही (लॉग) ठेवतं ती दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच यादीत थोडं खाली १०७४ क्रमांकाची नोंद असते. तिच्यासमोर साधं 'इन्फर्मेशन' असतं, त्यामुळे नजर तिच्यावरून सरकून जाते. दोन्ही नोंदी संगणक बंद होण्याबद्दलच्या, म्हणून लोक एकीचा अर्थ दुसरीला लावतात. १०७४ सांगते की संगणक कोणीतरी बंद केला. ४१ सांगते की तो बंद पडला. कशाने पडला हे ४१ बहुतेक वेळा सांगतच नाही, आणि नवी रॅम, नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) असा सगळा खर्च त्या न सांगितलेल्या गोष्टीवर होतो.

या नोंदी लिहिल्या कधी जातात ते आधी पाहू, कारण खरा फरक तिथेच आहे. तुम्ही शटडाउन दाबलं की आवराआवर सुरू करतानाच विंडोज १०७४ लिहून ठेवतं: कोणत्या प्रोग्रॅमने सांगितलं, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कारण काय, आणि बंद करायचं की रिस्टार्ट. मग सेवा एकेक करून थांबतात. लॉग लिहिणारी सेवा थांबताना ६००६ अशी नोंद पडते आणि शेवटी वीज तोडली जाते. ४१ चं तसं नाही. संगणक झटक्यात गेला तर लिहायला कोणी उरतच नाही. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या वेळी रीतसर शटडाउन झालं नव्हतं, आणि तेव्हा ते ४१ लिहितं. ऑफिसातल्या मस्टरसारखं आहे हे. १०७४ म्हणजे जाताना केलेली सही, ४१ म्हणजे दुसऱ्या दिवशी बाबूने मारलेला शेरा, की काल सही न करताच गेले. का गेले ते बाबूला ठाऊक नसतं.

यातूनच वेळेचा घोळ होतो, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. इतवारीतल्या एखाद्या व्यापाऱ्याचं ऑफिस घ्या. दुपारी ३:१० ला लाईन गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, तिने दोन मिनिटंही साथ दिली नाही. ऑपरेटर मुलगी सांगते, "दादा, मी बिल टाइप करून राहिली होती अन् खटकन बंद." साडेचारला लाईन आली, तिने बटण दाबलं. लॉगमध्ये ४१ समोर वेळ दिसते ४:३१. मालक म्हणतात, साडेचारला तर लाईन होती, म्हणजे मशीनमध्येच बिघाड आहे. पण ४:३१ ही शेऱ्याची वेळ झाली. संगणक गेला कधी, ते पाहायला त्याच्या आसपासची ६००८ ही नोंद उघडायची. तिचा स्रोत 'इव्हेंटलॉग' आणि पातळी 'एरर'. तिच्या मजकुरात लिहिलेलं असतं की मागचं शटडाउन अमुक तारखेला अमुक वाजता अनपेक्षितपणे झालं. विंडोज अधूनमधून 'मी चालू आहे' अशी वेळ टिपून ठेवतं आणि त्यातली शेवटची वेळ इथे छापतं, त्यामुळे थोडा मागेपुढे फरक पडू शकतो. तरीही लाईन जाण्याच्या वेळेशी जुळवून बघायला ती पुरेशी असते.

आणखी एक जागा आहे घोटाळ्याची. सुरू होताना 'कर्नल-जनरल' या स्रोताची १२ क्रमांकाची नोंद पडते. तिच्या मजकुरातली वेळ वरच्या उदाहरणात ११:०१ अशी असेल आणि शेवटी 'झेड' हे अक्षर असेल. ती जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली ४:३१ येते. सकाळी ११ ला मशीन कोणी चालू केली म्हणून चौकशी करत बसू नका.

आता ४१ ची नोंद उघडा आणि 'डिटेल्स' या भागात जा. तिथे आकड्यांच्या बऱ्याच ओळी असतात, त्यातल्या दोन कामाच्या. पहिली 'बगचेककोड'. हा आकडा शून्य नसेल तर विंडोज कोलमडल्यावर येतो तो निळा स्क्रीन येऊन गेलेला आहे, कोणाला दिसला असो वा नसो. आकडा दशमान पद्धतीत असतो: १५९ दिसला तर तो १६ च्या पायावर ९एफ होतो, आणि ९एफ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने झोपण्या-उठण्याच्या वेळी नीट साथ दिली नाही. अशा वेळी यादीत 'बगचेक' स्रोताची १००१ ही नोंदही सहसा असते आणि तिच्यात डंप फाइल (कोलमडतानाच्या मेमरीची नक्कल) कुठे ठेवली ते लिहिलेलं असतं. तंत्रज्ञाला ती फाइल लागते. फॉर्मेट मारलं की नेमकी तीच जाते, म्हणून मी घाईच्या फॉर्मेटच्या पूर्ण विरोधात आहे.

दुसरी ओळ 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प'. इथे शून्याऐवजी लांबलचक आकडा असेल तर कोणीतरी बटण दाबून धरून मशीन बंद केली. बहुधा ती हँग झाली होती. मग शोध हँग होण्याचा घ्यायचा.

दोन्ही ओळींत शून्य असेल तर विंडोजला काहीच कळलं नाही. वीज गेली, प्लग सैल होता, एसएमपीएसने दम सोडला, किंवा मशीन इतकी गोठली की नोंदही करता आली नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात यात उष्णताही धरावी लागते. बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत कूलर असला तरी कॅबिनेट टेबलाखाली बंद खणात, आणि पंख्याच्या जाळीवर वर्षभराची धूळ. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की तो जळू नये म्हणून हार्डवेअरच वीज तोडतं, आणि लॉगमध्ये तसंच शून्यांचं ४१ उमटतं. कधीकधी विंडोजला तापमानाचा इशारा वेळेत मिळतो, तेव्हा ८६ क्रमांकाची कर्नल-पॉवरची नोंद येते आणि ती उष्णतेचं कारण स्पष्ट सांगते. ती दिसली तर धूळ काढा, प्रोसेसरवरची पेस्ट बदला. ती नसली म्हणून उष्णता निर्दोष ठरत नाही.

लॅपटॉपला हा हिशेब थोडा वेगळा लागतो. बॅटरी धड असेल तर लाईन गेल्याने लॅपटॉप बंद पडायचं कारण नाही. म्हणून चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर शून्यांचं ४१ वारंवार येत असेल तर मी ते डेस्कटॉपपेक्षा जास्त गंभीर धरतो.

आता उलट बाजू. सकाळी ऑफिस उघडलं तर रात्री चालू ठेवलेला संगणक लॉगिनच्या पडद्यावर आहे, उघड्या फाइली गायब. पहिला संशय लाईनवर जातो. पण यादीत रात्री २:४० ला १०७४ असेल, तिच्यात 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' किंवा अपडेटशी संबंधित दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचं नाव असेल आणि प्रकार 'रिस्टार्ट' असेल, तर विंडोजने अपडेट बसवून स्वतःच मशीन पुन्हा सुरू केली. लाईनचा काही संबंध नाही. 'ॲक्टिव्ह अवर्स'ची वेळ नीट लावली की हे बरंचसं टळतं. रात्रभर टॅलीचा मोठा डेटा चालू ठेवणाऱ्यांनी तर हे आजच करावं.

६००६ दिसली नाही म्हणून मात्र लगेच घाबरू नका. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शटडाउन दाबल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सेवा पूर्ण थांबत नाहीत. १०७४ असते, ६००६ नसते, आणि टास्क मॅनेजर सांगतं की मशीन कित्येक दिवसांपासून सुरूच आहे. हे सगळं ठीक आहे. पूर्ण नव्याने सुरू करायचं असेल तर रिस्टार्ट करायचं.

स्लीपचं प्रकरण यापेक्षा निराळं. झोपलेल्या डेस्कटॉपच्या रॅमला थोडी वीज लागतेच. रात्री स्लीपला टाकून गेलात आणि पहाटे वादळात लाईन गेली, तर सकाळी ४१ दिसू शकते. त्याच्या आधी ४२, म्हणजे झोपायला गेल्याची नोंद असेल. रात्रभरासाठी शटडाउनच बरं.

लिनक्सवर १०७४, ४१ असे क्रमांक नसतात. तिथे 'लास्ट' या आज्ञेच्या यादीत मागच्या सत्रासमोर 'क्रॅश' दिसतं, किंवा जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, मागच्या सत्राच्या शेवटच्या ओळींत सेवा थांबवल्याचा मजकूर न येता मध्येच लिखाण तुटतं. सुरू होताना फाइल सिस्टिमने 'रिकव्हरी कम्प्लीट' म्हटलं तर घाबरायचं कारण नाही, अर्धवट राहिलेलं लिखाण तिने निस्तरलं.

हे शोधायला शेकडो ओळी चाळायची गरज नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम', उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग'. आयडीच्या रकान्यात ४१, ४२, ८६, १००१, १०७४, ६००६, ६००८ हे आकडे इंग्रजी अंकांत, मध्ये स्वल्पविराम देऊन टाका. यादी नवीन ते जुनी अशी असते, म्हणून खालून वर वाचा. बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) मशीन उचलून न्यायची वेळ आलीच, तर ६००८ मधली वेळ, ४१ मधले ते दोन आकडे आणि त्याआधीची १०७४, असल्यास, यांचा मोबाइलवर फोटो काढून सोबत ठेवा. त्या वेळी कूलर किंवा पंप चालू झाला होता का, तेही दुकानदाराला सांगा. एकाच बोर्डावर कूलरची मोटर आणि संगणक असेल तर मोटर ओढ घेते तेव्हा विजेचा दाब क्षणभर पडतो, आणि जुना एसएमपीएस तेवढ्यानेही बंद पडू शकतो.