रामटेक-खिंडसी राइडला येताय? आधी स्पेअर ट्यूब दाखवून जा

दिवाळी झाली की आमच्या सायकल दुकानाच्या रविवारच्या राइड सुरू होतात आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतात. नाव नोंदवायला आलेले बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. "तुमच्याजवळ पंक्चरचं सामान असतंच, मग आम्हाला आपापली ट्यूब कशाला आणायला लावता? आणि ती दाखवायला शुक्रवारी पुन्हा दुकानात का बोलावता?" काउंटरवर गर्दी असली की उत्तर अर्धंच दिलं जातं. म्हणून ते इथे पूर्ण लिहिलं आहे.

रस्ता तुम्हाला माहीत आहे. सकाळी सहाला नागपूरचा ऑटोमोटिव्ह चौक, मग कामठी, कन्हानचा पूल, हायवेने मनसर, तिथून उजवीकडे रामटेक. गडाच्या पायथ्याशी तर्री-पोहे आणि चहा, मग खिंडसी तलाव. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या थोडं वर होतं. हायवेवर सगळे एकामागे एक चालवतात, हेल्मेट लागतंच आणि मागचा लाल दिवा चालू हवा. यावर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो ट्यूबवरून.

आपल्या रस्त्यांवर काचेपेक्षा काट्यांचा त्रास जास्त. रामटेक, मौदा, पारशिवनी हा धानाचा पट्टा. बांध्यांच्या धुऱ्यांवर बाभळी पूर्वीपासून राखलेल्या आहेत, कारण जळण, औजारांचं लाकूड आणि शेळ्यांचा पाला तिथूनच येतो. धान निघालं की त्या छाटतात. फांद्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून कुंपणाला नेताना काटे डांबरावर गळतात. म्हणजे ज्या महिन्यांत हवा सायकल चालवण्याजोगी असते, त्याच महिन्यांत रस्त्यावर काटे पडलेले असतात. चहासाठी सायकल कडेच्या गवतात उभी केली तर गोखरूचे सराटे चिकटतात ते वेगळेच. बाभळीचा लांब काटा टायरमधून सरळ ट्यूबपर्यंत जातो, टायर कितीही चांगला असो. वीस जणांच्या राइडमध्ये दोन-तीन पंक्चर आम्ही धरूनच चालतो.

पंक्चर होण्यात कोणाचीच चूक नसते. योग्य ट्यूब हाताशी असेल तर दहा मिनिटांत चाक पुन्हा फिरायला लागतं. खरा वेळ जातो तो जवळ असलेली ट्यूब त्या सायकलीला बसतच नाही तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात मनसरच्या पुढे हेच झालं. एका ताईंचं मागचं चाक बसलं. ट्यूब त्यांनी आणली होती, नवीकोरी, डब्यावर त्यांच्या चाकाचं माप, ७००, लिहिलेली. पण तिचा व्हॉल्व्ह जाड, मोटारसायकलसारखा, आणि त्यांच्या रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हचं. ती आत जाईना. पहिल्या ट्यूबला पॅच लावला, पण गडबडीत सोल्युशन पुरतं वाळू दिलं नाही, त्यामुळे पॅच सुटला. दुसरा लावला. मागून येणाऱ्या आमच्या मदतीच्या गाडीत त्या मापाच्या दोन ट्यूब होत्या, पण दोन्ही आधीच वापरून झाल्या होत्या. अठरा जण चाळीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. परतताना सगळ्यांना भर दुपारी, ट्रकच्या गर्दीत हायवे पार करावा लागला. त्या ताईंचा यात काही दोष नव्हता. ट्यूब सायकलीजवळ नेऊन पाहायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो.

त्यासाठी दोनच गोष्टी पाहायच्या. पहिली, व्हॉल्व्ह. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला, फिरवून सैल करायचा तो प्रेस्टा. जाड, गाडीच्या चाकासारखा तो श्रेडर. प्रेस्टाच्या रिमचं भोक साधारण साडेसहा मिलिमीटर, श्रेडरचं साडेआठ. बारीक व्हॉल्व्ह जाड भोकात रिंग घालून बसवता येतो, जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात काही केल्या बसत नाही. कानसीने भोक मोठं करायचा विचारही करू नका, रिम कमजोर होते. जुन्या काळ्या सायकलींचा आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह तिसरा. तो असेल तर सायकल घेऊनच या.

दुसरी गोष्ट, माप. टायरच्या बाजूला उठावाच्या अक्षरांत ३७-६२२ असा जोड आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात हा आकडा सांगा, इंचात सांगू नका. इंचामुळेच घोटाळा होतो. "२८ची ट्यूब द्या" असं ऐकलं की आम्हाला दहा प्रश्न विचारावे लागतात, कारण ७००च्या हायब्रिडलाही काही कंपन्या २८ लिहितात आणि बाबांच्या काळ्या सायकलीलाही २८च म्हणतात. पहिल्याचा व्यास ६२२, दुसऱ्याचा ६३५. उलट ७०० आणि २९ ऐकायला वेगळे वाटतात, पण दोन्हींचा व्यास ६२२च आहे, फरक रुंदीचा. साडेसत्तावीसचा ५८४ आणि २६च्या माउंटन बाइकचा ५५९. रुंदीही जुळायला हवी. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणली जाऊन पातळ होते आणि रुंद ट्यूब अरुंद टायरमध्ये दुमडून चिमटते.

"रस्त्यात पंक्चरवाला मिळेलच ना?" हेही बरेच जण विचारतात. हायवेवर टायरवाले आहेत आणि ते आपलं काम चोख करतात, पण ते काम ट्रक आणि मोटारसायकलचं. सकाळी सातला बहुतेक बंद असतात. उघडे असले तरी त्यांच्या हवेच्या नळीचं तोंड प्रेस्टाला लागत नाही.

मग आम्हीच सगळ्या मापांच्या ट्यूब का नेत नाही? नेतो, प्रत्येक मापाच्या दोन. पण वीस सायकलींत चार-पाच मापं आणि दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात, आणि मदतीची गाडी शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे चालते. पुढच्या गटात पंक्चर झालं तर गाडी पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुमच्या सीटखाली तुमची ट्यूब असेल तर सोबतचा सायकलस्वार तिथल्या तिथे मदत करू शकतो. गाडीतल्या ट्यूब नशीब वाईट असेल त्या दिवसासाठी असतात.

शुक्रवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आम्ही सायकल आणि ट्यूब शेजारी शेजारी ठेवून पाहतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसे घेत नाही. ट्यूब आमच्याकडूनच घ्यावी असा आग्रह नाही. कुठूनही घ्या, आम्ही बसवून पाहू. नसेल बसत, तर बदलून घ्यायला तुमच्या हाती शनिवार असतो, म्हणून शुक्रवार ठरवला आहे. शनिवारी रात्री आठला सायकल आली तर आम्ही नीट पाहू शकत नाही. रविवारी पहाटे चौकात तपासणी होत नाही. न दाखवता आलेल्यांना आम्ही कन्हानच्या पुलापर्यंत सोबत नेतो आणि तिथून परत पाठवतो. हे कठोर वाटतं हे आम्हाला माहीत आहे, पण मनसरचे ते अठरा जण आम्ही विसरलेलो नाही.

ज्यांना हा सगळा विचार करायचा नाही त्यांच्यासाठी सीटखालचा पाउच तयार मिळतो. तुमच्याच सायकलीच्या मापाची ट्यूब, टायर रिमवरून काढायचे दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि छोटा पंप. पाउचवर तुमच्या टायरचा आकडा आम्ही मार्करने लिहून देतो, म्हणजे पुढच्या वेळी कुठेही विचारताना अडचण नको. ट्यूबमध्ये आधीच भरून ठेवायच्या लिक्विडबद्दल विचारलं जातं, तर तेही आहे. बारीक काट्याचं भोक ते चांगलं बुजवतं, पण आपल्या कोरड्या हवेत काही महिन्यांत सुकतं. ऑक्टोबरमध्ये भरलेलं फेब्रुवारीत तपासून घ्या. लिक्विड आहे म्हणून ट्यूब घरी ठेवून येऊ नका.

ट्यूब बदलताना घाई एकाच ठिकाणी महाग पडते: काटा टायरमध्येच राहून जातो. जुनी ट्यूब काढल्यावर तिला हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर जुळवा आणि तिथे आतून जपून बोट फिरवा. काट्याचं टोक आतून लागतं, बाहेरून दिसेलच असं नाही. भोकं जोडीने, सापाच्या दंशासारखी असतील तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. ७००×३५च्या आसपासच्या हायब्रिडला हवेचा दाब पन्नास ते सत्तर पीएसआय, रुंद माउंटन टायरला तीस ते चाळीस पुरतात. दाबाची मर्यादा तुमच्या टायरवर छापलेली असते.

जानेवारीतल्या कोकण राइडला हाच नियम, आणि तिथे तो जास्त कडक आहे. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पोचून पुन्हा बोटीने जयगड. उजवीकडे समुद्र दिसतो तेवढाच चढही पायांत येतो. पंक्चरमध्ये बोट चुकली की सगळी तुकडी धक्क्यावर पुढच्या बोटीची वाट पाहते, आणि आसपास ७००ची ट्यूब मिळत नाही.

कोकणातून परतलेल्या सायकली आमच्याकडे गंजलेल्या साखळीनिशी येतात, ते सहज टाळता येतं. ओल्या वाळूवर सायकल चालवायचा मोह आवरा. मुक्कामी पोचल्यावर बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, मात्र चाकांच्या मधल्या हबवर आणि पेडलच्या दांड्या जोडतात तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. फडक्याने पुसा, साखळीला तेल द्या, वरचं तेल पुसून घ्या. परतल्यावर आठवड्याभरात दुकानात आणलीत तर साखळी आणि गिअरची खोल साफसफाई एकाच दिवसात करून देतो. महिन्याने आणलीत तर साखळी बहुधा बदलावीच लागते.

या मोसमातल्या रामटेक राइडच्या तारखा काउंटरवर लावल्या आहेत. नाव नोंदवताना टायरचा तो जोड आकडा सांगा. फोनमध्ये फोटो काढून आणलात तरी चालेल.