छाट कलम (पुण्याच्या घरबागेतील)

फांदीचा तुकडा मातीत रोवून त्यालाच मुळे फोडायला लावण्याची पद्धत. ‘फाटे कलम’ हे दुसरे नाव. घरोघरी मात्र नुसते ‘काडी लावणे’. काडीपासून आलेले झाड मूळ झाडासारखेच निपजते. म्हणून शेजारची दुहेरी जास्वंद आवडली तर तिची काडीच मागावी लागते; बियांचा भरवसा नसतो.

पुण्यात काडी लावण्याचा खरा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. काडीला मुळे नसतात, पण पानांतून पाणी उडतच असते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती दोन-तीन दिवसांत वाळते, आषाढाच्या ढगाळ दमट हवेत तग धरते. या दिवसांत धोका असतो तो कुजण्याचा. इथली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून निम्मी वाळू किंवा कोकोपीट मिसळावे. शेणखत मुळे धरल्यावर.

जास्वंद, तगर, कण्हेर, बोगनवेल यांना पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंमी लांबीची, तीन-चार डोळ्यांची (कोंब फुटतो त्या जागांची) काडी घ्यावी. फार कोवळी सडते, फार जून लवकर फुटत नाही. खालचा काप डोळ्याच्या लगत तिरका, वरचा सरळ. त्यामुळे काडी उलटी रोवली जात नाही. (घाईत ती चूक होतेच.) खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हात धुवावेत.

बहुतेकांची काडी जाते ती हौसेपायी. दहा-बारा दिवसांत हिरवी फूट दिसली की मुळे धरली असे वाटते. प्रत्यक्षात ती फूट काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली नुसती गाठ धरलेली असते, कधी तीही नसते. अशा वेळी काडी उपटून पाहिली की संपले. महिना-दीड महिना हलवू नये. बटाट्यात काडी खोचून लावण्याची युक्ती बरेचजण सांगतात. त्यात गुलाबाआधी बटाटाच फुटण्याची शक्यता जास्त.

गुलाबाची गोष्ट वेगळी. गावठी गुलाब काडीने येतो, पण रोपवाटिकेतले मोठ्या फुलांचे बहुतेक गुलाब रानटी गुलाबाच्या खुंटावर (मुळे असलेल्या खालच्या भागावर) डोळा भरून, म्हणजे बसवून, केलेले असतात. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा. वेळीच मोडला नाही तर वरचा गुलाब मागे पडतो आणि मालक ‘झाडाची जात बदलली’ म्हणतो.

मोगऱ्याला दाब कलम सोपे: जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत पुरायचा, वर दगड ठेवायचा आणि मुळे आल्यावर तोडायची. शेवंतीला पावसाळ्यात काश्या (बुंध्यालगतचे फुटवे) फोडून लावतात; दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते. निशिगंधाचे कंद.

रोपे पाहायची तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडे रोपवाटिका आहेत. १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे एम्प्रेस गार्डनची व्यवस्था आहे; तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन अनेक पुणेकर चुकवत नाहीत.

अबोलीला यातले काहीच लागत नाही. तिच्या वाळलेल्या कणसावर पाणी पडले की बोंडे तडतडून बी उडते, आणि एका कुंडीतली अबोली पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या तीन कुंड्यांत निघते.