कुऱ्हाड आणि ती चालवणारा हात

इ.स.पू. ७०१ साली अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब यहूदात, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्यात, शिरला. तटबंदीची ४६ गावं घेतली आणि हिज्कीया राजाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं त्यानं मातीच्या लेखात नोंदवून ठेवलं आहे. यहूदातलं लाखीश शहर पडलं, ते दृश्य त्यानं आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या महालात दगडावर कोरून घेतलं. ते शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात जिवंत सोलले जाणारे कैदी आहेत, आणि सामान लादलेल्या बैलगाडीसोबत गाव सोडून निघालेली बायकामुलंही.

याच स्वारीत सन्हेरीबाचा अधिकारी यरुशलेमेच्या तटाखाली उभा राहून लोकांच्याच भाषेत ओरडला: आम्ही जिंकलेल्या हमाथ आणि अर्पाद शहरांचे देव कुठे गेले? शोमरोन त्यांच्या हातून वाचलं का? शोमरोन, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलची राजधानी, पडून जेमतेम वीस वर्षं झाली होती. जो जिंकला त्याचा देव मोठा, हा तेव्हाचा रोकडा हिशेब होता.

यरुशलेमेतल्या यशया या संदेष्ट्यानं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यानं, तो हिशेबच नाकारला. बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर ही परमेश्वराच्या रागाची काठी आहे, आणि ती उगारली आहे परमेश्वराच्या स्वतःच्या प्रजेवर. अश्शूरला मात्र याचा पत्ता नाही. त्याच्या मनात फक्त राष्ट्रं नष्ट करणं आहे. म्हणून यशया विचारतो, कुऱ्हाडीनं तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी का? काम संपलं की या उन्मत्तपणाचाही झाडा घेतला जाईल.

आपलाच देव आपल्यावर रागावला म्हणून आपण हरलो, ही समजूत तशी एकट्या इस्राएलची नव्हती. शेजारच्या मवाबचा राजा मेशा याच्या नवव्या शतकातल्या शिलालेखात कमोश देव आपल्या भूमीवर रागावला होता, असं स्पष्ट म्हटलं आहे. संदेष्ट्यांचं वेगळेपण मला दिसतं ते पुढच्या पावलात: शत्रूही त्याच देवाचा, आणि शत्रूच्या क्रौर्याचा न्यायही तोच करणार. त्याची तयारी आमोस या संदेष्ट्यानं आधीच करून ठेवली होती. इस्राएलला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आणलं तसंच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीराहून मीच आणलं, असं त्यानं देवाच्या तोंडी घातलं आहे.

निनवे ६१२ मध्ये पडलं, पण मागोमाग बाबेलचं साम्राज्य आलं. यिर्मया या संदेष्ट्यानं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला परमेश्वराचा ‘सेवक’ म्हटलं आणि गळ्यात जू अडकवून लोकांना त्याच्यापुढे मान वाकवायला सांगितलं. हनन्या या विरोधी संदेष्ट्यानं ते जू सर्वांदेखत मोडलं. यरुशलेमेचं मंदिर लुटणाऱ्याला सेवक म्हणणं ऐकणाऱ्यांना किती झोंबलं असेल! हबक्कूक या संदेष्ट्यानं तर देवालाच विचारलं: आमच्याहून दुष्ट माणूस आम्हाला गिळतो, तेव्हा तू गप्प कसा? या सगळ्या परंपरेत मला हा प्रश्न सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यानं तो विचारला आणि तरीही पहाऱ्याची जागा सोडली नाही.

५३९ मध्ये बाबेल घेणाऱ्या इराणी कोरेशाला, म्हणजे सायरसला, यशयाच्या पुस्तकात चक्क परमेश्वराचा ‘अभिषिक्त’, म्हणजे इस्राएलच्या राजांना लावला जाणारा शब्द, म्हटलं आहे. खुद्द सायरसच्या नावे बाबेलमध्ये लिहिलेल्या मातीच्या नळकांड्यावर त्याची निवड बाबेलच्या मर्दुक देवानं केल्याची नोंद आहे. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याच सायरसला म्हणतो: तू मला ओळखत नसलास, तरी मी तुला नावानं हाक मारली आहे.