प्लग बदलण्याआधी त्याचा रंग बघा

पावसाळा लागला की गॅरेजच्या दारात ढकलत आणलेल्या गाड्या दिसू लागतात. ‘प्लग गेलाय, नवा टाका’ एवढं सांगून ग्राहक कामाला निघून जातात. प्लग म्हणजे स्पार्क प्लग, इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा. नवा टाकणं पाच मिनिटांचं काम आहे. पण जुना कशाने खराब झाला ते शोधलं नाही, तर नव्याचीही तीच गत होणार.

इंजिन गार असताना प्लग काढा. त्याआधी प्लगभोवतीची जागा हवा मारून साफ करा. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आणि किनाऱ्याची रेती त्या खाचेत हमखास साठते, आणि प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

आता टोक उजेडात धरा. पांढऱ्या चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. आधी एअर फिल्टर बघा, मग चोक (गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) अडकलाय का ते. टोक ओलं असून पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं आहे. तेलकट, चिकट काळेपणा असेल तर मात्र पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजून इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. तिथे कितीही प्लग बदलले तरी पैसे वायाच जातात.

काजळी धरण्याचं आणखी एक कारण आमच्याकडे फार दिसतं. गाडी रोज घर ते जेटी, जेटी ते बाजार एवढीच फिरते. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर तापलं, तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. इतक्या कमी अंतरात ते तेवढं तापत नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालवा.

पावसात गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे मधेच झटके देत असेल, तर प्लगला दोष देण्याआधी प्लग कॅप (प्लगच्या डोक्यावर बसणारी वायरची टोपी) काढून बघा. खाऱ्या हवेने आतल्या पितळेवर हिरवा थर चढतो आणि करंट गळतो. कॅपचं रबर चिरलं असेल तर कॅपच बदला, ती फार महाग नसते. धुताना पाण्याचा जोरदार फवारा तिथे मारू नका.

काजळी धरलेला प्लग पेट्रोल आणि मऊ पितळी ब्रशने साफ होतो. लोखंडी ब्रश नको, त्याचे कण चिनी मातीवर चिकटून करंट भलतीकडे पळतो. इरिडियम धातूचं बारीक टोक असलेल्या प्लगला तर ब्रश लावूच नका. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकांमधली फट, फिलर गेजने (जाडीचे आकडे असलेल्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक गाड्यांना ०.७ ते ०.९ मिलिमीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा. नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे, जुन्याला त्याहून बराच कमी. प्लगचा नंबर गाडीच्या कंपनीने दिलेलाच हवा. नंबरातलं ‘आर’ हे अक्षर प्लगमध्ये रेझिस्टर (ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा भाग) असल्याचं सांगतं. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, रेझिस्टर नसलेला साधा प्लग टाकला तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) त्रास होऊ शकतो.

इंजेक्शनची गाडी असेल तर काढलेला प्लग हेडला टेकवून स्पार्क बघायचा प्रयोग घरी करू नका, गाडी आमच्याकडे आणा. कुठलीही गाडी आणताना जुना प्लग पुसू नका, फेकूही नका. कागदात गुंडाळून सोबत आणा, आम्ही तो तुमच्यासमोरच बघून कारण सांगू. नुसतं बघण्याचे पैसे घेत नाही.