पार्श्वभूमी : ‘लॉस’ लिहायचं की ‘डॅमेज’?

मे-जूनच्या वादळात खानदेशातल्या रावेर-यावलकडची केळी आडवी झाली की इंग्रजी अर्जात नेमका कोणता शब्द टाकायचा, यावर खल होतो. बाग मोडली ते ‘डॅमेज’, त्यापायी पैसा बुडाला तो ‘लॉस’. आपण दोन्हीला नुकसानच म्हणतो. ‘डॅमेजेस’ म्हणजे कोर्टातून मिळणारी भरपाई, पण अनेकवचन समजून तोही शब्द बिनधास्त ठोकून दिला जातो.

इंग्रजीत अशा जोड्या पुष्कळ. 1066 नंतर तिथे फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले, पुढे विद्वानांनी लॅटिन शब्द आणले. ‘आस्क’ घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमार्गे आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिन वळणाचा. साधं विचारलं, जाब विचारला की पोलिसी खाक्याने चौकशी केली, ते शब्दावरूनच कळतं. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि इथे कचेरीची जड इंग्रजी आली. ‘बिगिन’ने भागत असताना ‘कमेन्स’ लिहायची खोड तिथलीच.

खरा वाद झाला तो 2000 साली. मराठी शाळांत पाचवीपासून असलेलं इंग्रजी तेव्हा पहिलीपासून सुरू झालं. गरिबाच्या पोराला संधी मिळेल, असं एक बाजू म्हणत होती. आधी मराठी पक्की होऊ द्या, असं दुसरी. दोन्हींत तथ्य होतं. पण घरी अहिराणी किंवा लेवा बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी असलेल्या इथल्या पोरांना ही तिसरी भाषा होती. शिवाय सुरुवात कधी करायची यावरच सगळे भांडले. शब्द शिकवायचे कसे, हे गाइडवर सोडलं गेलं. गाइडात ‘बिग = लार्ज’ असा तक्ता. मोठा भाऊ म्हणून पोरगं ‘माय लार्ज ब्रदर’ लिहितं. तिथे ‘बिग’ किंवा ‘एल्डर’ चालतं, ‘लार्ज’ नाही, पण हे त्या तक्त्यात नसतं. समानार्थी शब्दाला एक मार्क मिळतो, वाक्यात तो बसतो का हे कोण पाहतं?

गंमत म्हणजे सेमी इंग्रजी आल्यावर हा फरक विज्ञानाच्या तासाला शिकवणं भाग पडलं. बाजारात ‘मास’ आणि ‘वेट’ दोन्ही वजनच. वर्गात मात्र ‘मास’ किलोग्रॅममध्ये आणि ‘वेट’ न्यूटनमध्ये. ‘स्पीड’ला दिशा नसते, ‘व्हेलॉसिटी’ला लागते. अदलाबदल केली की उत्तर चूक.