महागड्या फोनची पाठ कधी आणि का बंद झाली

युरोपीय संघाच्या बॅटरीविषयीच्या नव्या नियमातले काढता येणाऱ्या बॅटरीचे कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होत असल्याने, महागड्या फोनमधली बॅटरी ग्राहकाला स्वतःच्या हाताने काढता यावी की नाही, हा दहा वर्षांपूर्वी निकालात निघाल्यासारखा वाटलेला वाद पुन्हा वर आला आहे. बंदिस्त बॅटरीच्या समर्थनार्थ आज सर्वांत आधी पाण्यापासून संरक्षणाचे कारण पुढे केले जाते. घटनांचा क्रम मात्र वेगळेच सांगतो. आयफोनमध्ये बॅटरी आधी बंदिस्त झाली आणि पाण्यापासून संरक्षण नंतर आले; सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेत पाणीरोधक फोनची पाठ उघडत होती, आणि पाठ बंद झाली तेव्हा ते संरक्षणच गेले. या टिपणात तो क्रम मांडला आहे.

जून २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या पहिल्या आयफोनची बॅटरी आतल्या पट्टीला सोल्डर केलेली होती. ती बदलायची तर फोनच कंपनीकडे पाठवावा लागे आणि त्यासाठी ७९ डॉलर व वर टपालखर्च मोजावा लागे. हा फोन पाण्यात टिकणारा नव्हता. त्या मालिकेत पाणीरोधक म्हणून अधिकृत मानांकन मिळालेला पहिला फोन २०१६ चा आयफोन ७. मधल्या नऊ वर्षांत बॅटरी बंद ठेवण्यामागे जाडी, दिसणे आणि आतली जागा हीच कारणे होती. ती खोटी नव्हती. हाताळली जाणारी बॅटरी खिशात, पिशवीत पडते, नाण्याकिल्ल्यांवर घासते, म्हणून तिला कडक कवच लागते. शिवाय फोनमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कप्पा, धातूच्या स्पर्शपट्ट्या आणि वर झाकण द्यावे लागते. बंदिस्त फोनमध्ये हे सगळे वगळून पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात गुंडाळलेला सेल थेट सांगाड्याला चिकटवता येतो आणि त्याला हवा तो आकार देता येतो. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये दोन सेल जोडून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची बॅटरी बसवली गेली, ती यामुळेच.

त्याच २००७ सालच्या ऑगस्टमध्ये काढता येणाऱ्या बॅटरीची सर्वांत मोठी कसोटी लागली. नोकियाच्या असंख्य साध्या फोनमध्ये असलेल्या बीएल-५सी या बॅटरीपैकी, डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात, असे जाहीर झाले. जगभरात अशा सुमारे शंभर घटना नोंदल्या गेल्या होत्या. भारतात घबराट पसरली, सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. तरीही तपासणी प्रत्येकाला घरबसल्या करता येत होती: मागचे झाकण सरकवायचे, बॅटरी नखाने उचलून उलटी करायची आणि तिच्यावरचा २६ अक्षरांचा क्रमांक कंपनीने दिलेल्या यादीशी ताडून पाहायचा. सदोष निघाली तर बॅटरी तेवढी विनामूल्य बदलून मिळे आणि फोन, त्यातले सिम व नंबर मालकाकडेच राहत. हा प्रसंग पुढे २०१६ च्या संदर्भात पुन्हा आठवावा लागतो.

२०१० नंतर महागडे फोन एकामागून एक बंद होत गेले. नोकिया एन८ ची बॅटरी स्क्रूंच्या आड गेली, २०११ चा एन९ अखंड पॉलिकार्बोनेटच्या कवचात आला, त्याच वर्षी मोटोरोलाच्या रेझरने ७.१ मिलिमीटर जाडीसाठी झाकणच काढून टाकले, आणि एचटीसीचे २०१२ व २०१३ चे मुख्य फोनही बंदिस्तच होते. या प्रवाहाला ठळक अपवाद राहिली ती सॅमसंगची गॅलेक्सी मालिका. २०१० ते २०१४ या पाच वर्षांत एस आणि नोट या दोन्ही मालिकांच्या मुख्य फोनची पाठ उघडत होती आणि कंपनी त्याचा जाहिरातीत पुरेपूर वापर करत होती. जुलै २०१४ च्या एका जाहिरातीत विमानतळावर भिंतीतल्या सॉकेटला खिळून बसलेले आयफोनधारक दाखवले होते आणि शेजारी एक जण शांतपणे बॅटरी बदलून पुढे जात होता. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला हे पटवून देण्याची गरज नव्हती. भारनियमनाच्या वर्षांत वीज असेल तेव्हा जादा बॅटरी बाहेरच चार्ज करून ठेवण्याची सवय अनेकांना होती, आणि कोणत्याही बॅटरीला जुळावेत म्हणून ज्याचे दोन धातूचे काटे डावीउजवीकडे सरकवता येत, तो चिमट्याचा चार्जर प्रत्येक मोबाइल दुकानात टांगलेला असे.

एप्रिल २०१४ मध्ये विक्रीला आलेला गॅलेक्सी एस५ या सगळ्या वादात केंद्रस्थानी ठेवायला हवा, कारण दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्याने दाखवून दिले होते. त्याला आयपी६७ मानांकन होते, म्हणजे धूळ आत शिरणार नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तो तग धरेल. तरीही त्याचे प्लास्टिकचे झाकण नखाने निघत असे. झाकणाच्या आतल्या बाजूला बॅटरीच्या कप्प्याभोवती बसणारी रबरी कडा होती. झाकण लावताना चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून ती नीट बसवावी लागे आणि झाकण बंद असल्याची खात्री करा, अशी सूचना पडद्यावर येत असे. ग्राहक झाकण अर्धवट लावील आणि पाणी आत गेल्यावर कंपनीला दोष देईल, हा धोका खरा होता. पण त्या फोनवर टीका झाली ती पाण्यामुळे नव्हे, तर त्या ठिपक्याठिपक्यांच्या प्लास्टिकच्या पाठीमुळे. आयफोन आणि एचटीसीच्या धातूच्या फोनशेजारी तो स्वस्त दिसतो, असे म्हटले गेले. विक्रीही अपेक्षेइतकी झाली नाही.

१ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनात एस६ सादर झाला तेव्हा त्याला धातूची चौकट होती, पुढे-मागे काच होती, जाडी ८.१ वरून ६.८ मिलिमीटरवर आली होती, आणि पाठ कायमची बंद झाली होती. बॅटरीची क्षमता २,८०० वरून २,५५० मिलिअँपिअर-तासांवर उतरली. मेमरी कार्डाची जागा गेली. पाण्यापासूनचे संरक्षणही गेले. याकडे आजच्या चर्चेत हटकून दुर्लक्ष होते: ज्या फोनने या मालिकेतली काढता येणारी बॅटरी संपवली, तो आधीच्या फोनपेक्षा पाण्यात कमी टिकणारा होता. त्यामुळे पाण्यासाठी पाठ बंद करावी लागली, हे स्पष्टीकरण या निर्णयाला मागाहून चिकटवलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

त्या वेळी दिलेली कारणे दोन होती: दहा मिनिटांच्या चार्जिंगवर सुमारे चार तास फोन चालतो, आणि बिनतारी चार्जिंग आता फोनमध्येच अंगभूत आहे. यातले दुसरे कारण कच्चे होते, कारण एस५ साठीही बिनतारी चार्जिंगची सोय असलेले वेगळे झाकण विकत मिळत होते. पहिल्यात तथ्य होते. दिवसाच्या मध्यावर फोन संपला तर काय करायचे, या अडचणीला जलद चार्जर आणि पॉवर बँक हे पुरेसे उत्तर होते, आणि पुढे ग्राहकांनी ते मान्यही केले. पण काढता येणाऱ्या बॅटरीचे काम एवढेच नव्हते. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. साधारण ५०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असे त्या काळी कंपन्याच सांगत, आणि रोज चार्ज होणाऱ्या फोनला हा टप्पा गाठायला दोन वर्षेही पुरतात. बाकी फोन धडधाकट असताना झिजलेला एक भाग बदलायचा कसा, या प्रश्नाला ना जलद चार्जर उत्तर देतो ना पॉवर बँक. रोजची गरज आणि दोन-तीन वर्षांनी येणारी गरज अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या; २०१५ मध्ये पहिलीचे उत्तर देऊन दुसरीही निकालात निघाल्याचे गृहीत धरले गेले. पुढचा सगळा वाद याच दुसऱ्या गरजेचा आहे.

पुढच्याच वर्षीचा एस७ याबाबत बोलका आहे. ग्राहकांनी तक्रारी केल्या तशी त्यात बॅटरी ३,००० मिलिअँपिअर-तासांची झाली, मेमरी कार्ड परत आले, पाण्यापासून संरक्षण आयपी६८ पर्यंत वाढवून परत दिले गेले. बंद पाठ मात्र बंदच राहिली. २०१६ च्या शरद ऋतूत आलेला एलजीचा व्ही२० हा मोठ्या कंपनीचा, सर्वोच्च किमतीच्या गटातला आणि पाठ उघडणारा जवळजवळ शेवटचा फोन ठरला. २०१७ च्या जी६ पासून तीही कंपनी बंदिस्त फोनकडे वळली.

त्याच २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ चे प्रकरण घडले. ऑगस्टमध्ये विक्री सुरू झाली, बॅटऱ्या पेटू लागल्या, सप्टेंबरमध्ये सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले, बदलून दिलेल्या फोनपैकीही काही पेटले आणि ११ ऑक्टोबरला उत्पादनच थांबले. भारतात तो विक्रीला येण्याआधीच विमानात वापरण्यावर बंदी आली. जानेवारी २०१७ च्या तपास अहवालानुसार पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकला होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते. दुसरी खेपही सदोष होती, त्यामुळे पाठ उघडणारी असती तरी आगी टळल्या असत्या, असे म्हणता येत नाही. पण २००७ मध्ये ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा प्रश्न बॅटरीपुरताच मर्यादित राहिला होता, आणि इथे प्रत्येक सदोष सेलमागे एक पूर्ण फोन बाद झाला, हा फरक बंदिस्त रचनेमुळेच पडला.

डिसेंबर २०१७ मध्ये दुसरी बाजूही उघडी पडली. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो, अशी कबुली ॲपलने दिली. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू सांगितला गेला आणि तो तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखाही होता; पण आपला फोन मंद होण्यामागे बॅटरी आहे हे मालकाला कळवलेच गेले नव्हते, त्यामुळे अनेकांनी नवा फोन घेतला. त्यानंतर बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलरवर, तर भारतात करांशिवाय ६,५०० वरून २,००० रुपयांवर आणला गेला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला. दुरुस्तीच्या हक्काची मागणी युरोप-अमेरिकेत जोर धरू लागली, तिला या प्रकरणाने मोठे बळ दिले.

बॅटरी बंद असणे आणि ती बदलणे अवघड करणे या दोन पायऱ्या आहेत. काचेच्या पाठीचा फोन उघडताना कारागीर कडा तापवून गोंद मऊ करतो, प्लास्टिकची पातळ पाती सरकवत काच सोडवतो, मग बॅटरीखालची चिकट पट्टी अखंड ओढून काढण्याचा प्रयत्न करतो. ती तुटली की आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून सेल हळूहळू उचलावा लागतो, आणि तो वाकला तर पेट घेऊ शकतो. हे कष्ट कमी करता येतात. २०२४ च्या आयफोन १६ च्या काही मॉडेलांत ९ व्होल्टचा प्रवाह दिला की मिनिट-दीड मिनिटात सुटणारा गोंद आला. याउलट २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या काही मॉडेलांत बाहेरच्या कारागिराने अस्सल बॅटरी बसवली तरी पडद्यावर बॅटरीची स्थिती दिसण्याऐवजी ‘सर्व्हिस’ असा इशारा दिसू लागला होता.

युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी नियम या पार्श्वभूमीवर आला. बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी, उष्णता किंवा द्रावक न वापरता ग्राहकाला बॅटरी काढता यावी, असे त्यात म्हटले आहे. स्मार्टफोनसाठी मात्र वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला आणि त्यात एक पळवाट आहे: बॅटरी ५०० चक्रांनंतर किमान ८३ टक्के आणि १,००० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन धुळीपासून पूर्ण सुरक्षित व एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असेल, तर ती बॅटरी व्यावसायिक कारागिराला बदलता आली तरी पुरे. महागडे फोन बहुतेक आयपी६८ मानांकनाचे असतात आणि १,००० चक्रांचा दावाही आता केला जातो. त्यामुळे ज्या गटातून हा वाद सुरू झाला, नेमका तोच गट या सवलतीत बसतो. पाण्यापासूनच्या संरक्षणाला सवलतीची अट करणे या लेखकाला अयोग्य वाटते, कारण एस५ नंतरही, सॅमसंगच्याच २०२२ च्या एक्सकव्हर६ प्रो या कामगारवर्गासाठीच्या फोनमध्ये आयपी६८ आणि हाताने निघणारी बॅटरी एकत्र दिलेली आहे. त्याच नियमाने विक्री थांबल्यानंतर सात वर्षे सुटे भाग पुरवणे बंधनकारक केले, हा ग्राहकाच्या पदरात पडलेला ठोस लाभ आहे. भारतात २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, पण बॅटरी कशी बसवावी याविषयीचे बंधन त्यात नाही.