सोलर थंडीत तापत नाही? जरा खुलासा

कोल्हापुरात वर्षानुवर्षं ऐकतोय: सोलर बंब उन्हाळ्यातच तापतो, थंडीत नुसती गच्चीची शोभा. हे खरं नाही. पाणी तापवतं ते ऊन. हवेतला गारठा त्याला फारसा अडवत नाही. डिसेंबरात भर दुपारी काचेच्या नळीला हात लावून बघा. बाहेरून गार लागते, कारण दोन काचांच्या मधे हवाच नसते आणि आतली उष्णता आतच राहते. शिवाय थंडीत आपल्याकडे आभाळ निरभ्र, सूर्य दक्षिणेला कललेला आणि नळ्याही दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या.

खरी अडचण जुलै-ऑगस्टची. पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत गिझर लावावाच लागतो.

आता पैसे. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. रोज तेवढं पाणी वापरलं, युनिट 8 रुपये आणि उन्हाचे 250 दिवस धरले, तर वर्षाला 7,000 रुपये वाचतात. 25,000 घातले असतील तर चारेक वर्षांत वसूल. मात्र बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, सफाई टाळू नका. आणि सकाळी आधी येणारं बादलीभर गार पाणी झाडांना घाला.